ठिणगी की दाब? डिझेल आणि पेट्रोल इंजिनांचा हिशेब

‘डिझेल ॲव्हरेज देतं, पेट्रोल पळतं.’ गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. ते अगदीच खोटं नाही, पण त्यात कारण कुठेच नाही. आणि कारण ठाऊक नसेल तर हे वाक्य आपल्या गाडीला लागू पडतं की नाही, हे ठरवता येत नाही. डिझेलचं ॲव्हरेज, त्याचा खालच्या फेऱ्यांतला (म्हणजे इंजिन मिनिटाला कमी वेळा फिरत असतानाचा) जोर, खडखडाट, धूर, चढी किंमत, फिल्टरची कटकट या सगळ्या गोष्टी एकाच फरकातून निघतात. सिलेंडरमधलं, म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यातलं, इंधन पेटवायचं कसं, एवढाच तो फरक.

पेटवायच्या दोन तऱ्हा

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण तयार होतं, सिलेंडरमध्ये वरखाली सरकणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ते दाबतो आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. मिश्रण आधी दाबून मग पेटवणारं चार स्ट्रोकचं इंजिन निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने १८७६ मध्ये चालवून दाखवलं. ते गॅसवर चाले आणि ठिणगीऐवजी ज्योतीने पेटे. आजच्या गाडीतलं पेट्रोल इंजिन तत्त्वाने तेच आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. आत येते ती नुसती हवा. ती इतकी दाबली जाते की तिचं तापमान पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसच्या घरात जातं, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. सायकलमध्ये जोरात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, त्याचाच हा फार मोठा अवतार. रुडॉल्फ डिझेल याला या कल्पनेचं पेटंट १८९३ मध्ये मिळालं. १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा प्रत्यक्ष कामी आली. वाफेची बहुतेक इंजिनं तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती, म्हणजे ही झेप लहान नव्हती.

आता प्रश्न असा, की दाब वाढवून फायदा होत असेल तर पेट्रोल इंजिनातही तो का वाढवत नाहीत? कारण तिथे इंधन आधीच हवेत मिसळलेलं असतं. फार दाबलं तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रणाचा एखादा कोपरा स्वतःहून भडकतो आणि इंजिन ठोके देऊ लागतं. हेच ते नॉकिंग. पिस्टनला भोक पाडण्याइतकं ते वाईट असू शकतं. म्हणून पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू किती पट आवळला जातो ते, साधारण ९ ते १२ पट असतं, काही इंजिनांत १३-१४ पटीपर्यंत जातं. डिझेलमध्ये इंधन हवं त्या क्षणीच आत सोडतात, त्यामुळे वेळेआधी भडकायला तिथे काही नसतंच. आजची डिझेल इंजिनं बहुधा १५ ते १८ पट दाबतात, जुनी तर २० च्याही वर जात. जितकं जास्त दाबाल तितका जळलेला वायू पुढे जास्त प्रसरण पावतो आणि पिस्टनला जास्त वेळ रेटतो. तेवढ्याच उष्णतेतून काम जास्त निघतं.

म्हणूनच या दोन इंधनांकडून मागणीही उलट असते. पेट्रोलने दाबाखाली तग धरावा, डिझेलने चटकन पेटावं. ऑक्टेनचा आकडा पहिला गुण मोजतो, सीटेनचा दुसरा. साध्या इंजिनात महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं की गाडी आपोआप जोरात पळेल असं अनेकांना वाटतं. ज्या इंजिनाला त्या ऑक्टेनची गरजच नाही, त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

गळा आवळलेलं इंजिन

कॉम्प्रेशनची गोष्ट बहुतेक लेखांत सापडते. त्याहून महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी गोष्ट दुसरीच आहे.

पेट्रोलला नीट जळायला हवेचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं लागतं: एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. म्हणजे ताकद कमी हवी असेल तर पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेत थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की ती झडप मिटू लागते आणि पिस्टनला जवळजवळ बंद वाटेतून हवा ओढावी लागते. ही ओढाताण फुकट होत नाही. इंजिनाची काही ताकद स्वतःचाच श्वास ओढण्यात खर्च होते.

डिझेलमध्ये ही भानगड नाही. हवा मोकळी येऊ द्यायची आणि ताकद कमी हवी तर फवारा कमी मारायचा. नुसतं उभं राहून फिरणाऱ्या डिझेल इंजिनात हवा इंधनाच्या पन्नासपटीच्याही पुढे असू शकते, तरी ते चालतं. (नव्या डिझेल इंजिनांतही थ्रॉटलसारखी झडप दिसते, पण ती धुराच्या नियंत्रणासाठी असते, ताकद कमी-जास्त करण्यासाठी नाही.)

याचा परिणाम केवढा होतो, हे गाडीला खरोखर किती ताकद लागते ते पाहिलं की कळतं. मध्यम आकाराची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने एका लयीत चालली असेल, तर तिला जेमतेम पाच-सहा किलोवॅट पुरतात. ताशी १०० ला पंधराएक. आणि बॉनेटखाली इंजिन असतं ऐंशी, शंभर, सव्वाशे किलोवॅटचं! म्हणजे आयुष्यातला बराचसा वेळ गाडीचं इंजिन स्वतःच्या ताकदीच्या छोट्याशा हिश्शावर चालतं. नेमक्या याच अवस्थेत पेट्रोल इंजिनाचा गळा सर्वांत जास्त आवळलेला असतो.

जाहिरातीतला कार्यक्षमतेचा आकडा मात्र इंजिनाच्या सर्वोत्तम क्षणाचा असतो. तिथे चांगलं पेट्रोल इंजिन ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत पोहोचतं आणि गाडीतलं चांगलं डिझेल ४० ते ४३ पर्यंत. फरक मोजकाच दिसतो. हलक्या भारावर दोघंही खाली येतात, पण पेट्रोल जास्त घसरतं. म्हणून रखडत चालणाऱ्या वाहतुकीत डिझेलची आघाडी कमी होत नाही, उलट वाढते. ‘डिझेल फक्त लांबच्या रस्त्यासाठी’ या सल्ल्यामागे ॲव्हरेज हे कारण नाहीच. खरं कारण धुराच्या फिल्टरमध्ये आहे, ते पुढे येईल.

लिटर हे माप तिरकं आहे

समजा पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि तीच गाडी डिझेल इंजिनासह २०. आकडा ३३ टक्क्यांनी जास्त दिसतो. पण हिशेब १०० किलोमीटरवर मांडा: पेट्रोल लागलं ६.६७ लिटर, डिझेल ५ लिटर. इंधनाची बचत झाली २५ टक्के. प्रति लिटर किलोमीटरचं माप नेहमीच असं फसवं. १० चं १५ झालं तर १०० किलोमीटरला ३.३ लिटर वाचतात, २० चं २५ झालं तर फक्त एक.

पुढचा पदर असा, की डिझेलचा लिटर पेट्रोलच्या लिटरपेक्षा जड असतो. किलोमागे दोन्हींतली ऊर्जा जवळपास सारखीच, पण एका लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं आणि डिझेलचं सव्वाआठशे-साडेआठशे ग्रॅम. त्यामुळे एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, डिझेलमध्ये ३६. वरच्या उदाहरणात पेट्रोल गाडीने २१३ मेगाज्यूल जाळले, डिझेलने १८०. म्हणजे इंजिन म्हणून डिझेल खरोखर सरस ठरलं ते १५-१६ टक्क्यांनी; उरलेला फायदा त्याच्या लिटरात जास्त माल भरलेला असल्याचा आहे.

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो, डिझेल जळलं की २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या दोन गाड्यांत डिझेलची बचत उरते १३-१४ टक्क्यांची. वाईट नाही, पण पंपावर दिसते तेवढीही नाही. खिशाला अर्थात मेगाज्यूलशी देणंघेणं नसतं, त्याला लिटरचाच भाव कळतो.

टॉर्कचा बडेजाव

आता पळण्याकडे येऊ. इथे एवढ्या गैरसमजुती आहेत की आकडे घेऊनच बोललेलं बरं.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा किती जोराने पिळला जातो ते. पॉवर म्हणजे तो पीळ गुणिले वेग. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. उदाहरणापुरती दोन इंजिनं घेऊ, दोन्ही दोन लिटरची. एक टर्बो (धुराच्या झोताने फिरून सिलेंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं पेट्रोल, दुसरं टर्बो डिझेल. पेट्रोल ६००० फेऱ्यांना १८० न्यूटन-मीटर देतं, म्हणजे ११३ किलोवॅट. डिझेल ४००० फेऱ्यांना २७० देतं, तेही ११३ किलोवॅट. कागदावर बरोबरी.

पण १७५० फेऱ्यांवर पाहा. डिझेलने एव्हाना ३५० न्यूटन-मीटरची मुसंडी मारलेली असते, म्हणजे ६४ किलोवॅट. पेट्रोलकडे तिथे १६५ च्या आसपास, म्हणजे जेमतेम ३०. गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली आहे, समोर चढ आहे, गिअर वरचा आहे. अशा वेळी डिझेलवाला नुसता पाय दाबतो आणि गाडी निघते. पेट्रोलवाल्याला तेवढीच ताकद हवी असेल तर गिअर उतरवून इंजिन ३२०० फेऱ्यांवर न्यावं लागेल.

गिअर उतरवला की मात्र तीही गाडी तशीच निघते, आणि टॉर्कच्या कौतुकात हेच विसरलं जातं. एकाच वेगाला चाकावर तेवढीच पॉवर पोहोचली, तर ढकलणारा जोरही तेवढाच असतो, मग इंजिनाचा टॉर्क काहीही असो. शिवाय डिझेल गाडीचे गिअर ‘लांब’ असतात, कारण तिचं इंजिन साडेचार-पाच हजार फेऱ्यांपुढे जातच नाही, तर पेट्रोल सहा-सात हजारांपर्यंत आरामात चढतं. दांड्यावर दुप्पट दिसणारा टॉर्क चाकापर्यंत पोहोचेतो दुप्पट उरत नाही. डिझेलचा खरा गुण हा, की जोर खालीच हजर असतो, मागावा लागत नाही. रोज चालवताना हा गुण फार सुखाचा. शर्यतीसारखं ताणून चालवायचं असेल तर उंच फेऱ्यांपर्यंत चढत जाणाऱ्या पेट्रोल इंजिनाची मजा डिझेलला येत नाही, हे माझं मत डिझेलप्रेमींना पटणार नाही.

डिझेल उंच फेऱ्या का घेत नाही? फवाऱ्याचे थेंब वाफ होऊन हवेत मिसळून जळायला वेळ लागतो, आणि फेरे वाढले की तोच वेळ आखडतो. त्यात दाबाचा प्रश्न. टर्बो डिझेलच्या सिलेंडरमधला कमाल दाब १६० ते २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) जाऊ शकतो, साध्या पेट्रोल इंजिनात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. हा मारा सोसायला पिस्टन, कनेक्टिंग रॉड, ब्लॉक सगळंच दणकट लागतं, आणि जड भाग वेगाने वरखाली हलवणं कठीण.

टर्बो कुणाचा?

डिझेलचा हा सगळा जोर जन्मजात नाही. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने २६० डी ही डिझेल गाडी बाजारात आणली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं डिझेल गाडी म्हणजे काटकसरी आणि संथ, हीच ओळख होती. चित्र पालटलं ते टर्बोमुळे. जास्त हवा कोंबली तर पेट्रोल इंजिन नॉकिंगच्या भीतीने मागे सरतं. डिझेलला जास्त हवा नेहमीच हवी असते. त्यावर १९९७ मध्ये कॉमन रेल आली, म्हणजे फवारा मारणाऱ्या सगळ्या तोट्यांना (इंजेक्टरना) एकाच नळीतून उंच दाबाचं डिझेल पुरवणारी पद्धत; आधी अल्फा रोमिओ १५६ या गाडीत. सुरुवातीला १३५० बार दाबाने डिझेल फवारलं जाई, आज २००० आणि त्याहून जास्त. एका स्फोटासाठी एकच मोठा फवारा मारण्याऐवजी आधी चिमूटभर, मग मुख्य, अशा टप्प्यांनी इंधन सोडता येऊ लागलं आणि जुना खडखडाट बराच निवला. २००६ मध्ये फ्रान्समधली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत पहिल्यांदा एका डिझेल गाडीने जिंकली, ऑडी आर१० ने. नियमांनी डिझेलला मोठं इंजिन वापरायची मुभा दिली होती, हेही खरं.

नंतर पेट्रोलवाल्यांनी तीच वाट धरली. थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल फवारलं की त्याच्या बाष्पीभवनाने आतली हवा थंड होते, नॉकिंग लांबतं आणि टर्बो बसवता येतो. आजची दीड लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं १५००-१६०० फेऱ्यांना २५० न्यूटन-मीटर देतात. वर मांडलेली माझी तुलना जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनाशी होती. टर्बो पेट्रोलशी केली तर खालच्या फेऱ्यांतली दरी बरीच बुजते. एक तोटा राहतो. टर्बो पेट्रोलला सतत ताणलं, भरल्या गाडीने चढ चढवला किंवा मागे ट्रेलर जोडला, की ॲव्हरेज धाडकन पडतं. डिझेलचंही पडतं, पण कमी.

धूर, आणि त्याची किंमत

पेट्रोल इंजिन हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं पाळतं, त्यामुळे धुरातली कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही तीनही घाण एकाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये निकालात निघते. ज्या थ्रॉटलला वर नावं ठेवली, त्याचीच ही दुसरी बाजू.

डिझेलच्या धुरात ऑक्सिजन उरलेला असतो. तिथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन काढून घेणं त्या कन्व्हर्टरला जमत नाही. शिवाय फवाऱ्याच्या गाभ्यात हवा नीट पोहोचत नाही, तिथे काजळी बनते. मग जळालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवा, काजळी अडवायला डीपीएफ फिल्टर लावा, नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी ३२.५ टक्के युरियाचं पाणी धुरावर फवारा. टर्बो, उंच दाबाचा पंप आणि नाजूक इंजेक्टर आधीच होते. त्यात हा सगळा रसायनाचा कारखाना. डिझेल गाडी महाग असते ती यामुळे. या कारखान्याचा खर्च आणि त्रास टाळण्याचा मोह किती असतो, ते २०१५ मध्ये जगाने पाहिलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असल्याचं फोक्सवॅगनला कबूल करावं लागलं.

आता फिल्टरचा मुद्दा. डीपीएफमध्ये साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास लागतं. डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून त्याचा धूर मुळात थंड. शहरात तो दोनशे अंशांच्या आसपासच राहतो. मग गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल जाळून फिल्टर तापवते. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं तरी चालणं लागतं. तुम्ही दर वेळी दहा मिनिटांत पोहोचून इंजिन बंद करत असाल तर काम अर्ध्यावर राहतं, काजळी साठत जाते, आणि त्या जास्तीच्या डिझेलचा काही भाग ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतो. गंमत बघा: ज्या रखडत्या वाहतुकीत डिझेलचं ॲव्हरेज सर्वांत उजवं, तिथेच त्याचा फिल्टर सर्वांत आधी तुंबतो.

पैसे कधी वसूल होतात

भाव बदलत राहतात, म्हणून हिशेब लिटरमध्येच करू. समजा डिझेल गाडीसाठी मोजलेली जादा रक्कम म्हणजे १५०० लिटर पेट्रोलची किंमत. दोन्ही इंधनांचा भाव सारखा असेल आणि ॲव्हरेज १५ आणि २० असेल, तर १०० किलोमीटरला १.६७ लिटर वाचतात, म्हणजे वसुलीला ९० हजार किलोमीटर लागतील. डिझेल दहा टक्के स्वस्त असेल तर साधारण ६९ हजार. इथे तुमचे आकडे घाला आणि त्यात सर्व्हिसिंग, विमा, कर, पुढे विकताना मिळणारी किंमत धरा. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालणाऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा डिझेलकडे झुकत नाही. वर्षाला तीस हजार चालणाऱ्याचा मात्र सहज झुकतो.

जुनी डिझेल गाडी घेताना इंजिनापेक्षा इंजेक्टर, टर्बो आणि डीपीएफ यांची चौकशी आधी करा. आणि डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडलं तर चावी फिरवू नका, तसंच टाकी रिकामी करून घ्या. उंच दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं.

या तुलनेत तिसरा भिडू आहे हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी. पेट्रोलचं दुखणं हलक्या भाराचं. हायब्रिड नेमकं त्यावरच बोट ठेवतं. गाडी रेंगाळत असेल तेव्हा इंजिन बंद ठेवायचं, मोटरने चालायचं, आणि इंजिन लावायचंच तर चांगल्या भारावर चालवायचं. टोयोटाच्या हायब्रिडसाठीच्या अडीच लिटर पेट्रोल इंजिनाची कमाल कार्यक्षमता ४१ टक्के आहे, म्हणजे डिझेलच्या दारात. शहरातली डिझेलची आघाडी इथे संपते. तासन्‌तास भार ओढायचा असतो तिथे मात्र अजून डिझेलला तोड नाही. जहाजांची अजस्र डिझेल इंजिनं तर ५० टक्क्यांच्याही वर जातात.

चाचणीला गाडी घ्याल तेव्हा एकटे जाऊ नका. चार माणसं बसवा, एसी लावा, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस-पस्तीसवरून पाय दाबा. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी. आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, कारण डिझेलचा खरा आवाज तेव्हाच ऐकू येतो.